माझ्या अंगणात निमजे नाकेदार

“हरकत कोनाची?” लच्चूनं विचारलं.

गोटुलात, म्हणजे गावाच्या सभेच्या मांडवात, आमचं सगळं कोहकाटोला गाव जमलं होतं. बाया एका अंगाला, बाप्ये एका अंगाला, मधल्या खांबांना टेकून म्हातारे. समोर दोन खुर्च्या. एकीवर प्रकल्पाच्या मॅडम, दुसरीवर निमजे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना कलप, दोन्ही हात मांडीवर. लच्चू हलामी आमच्या ग्रामसभेचा अध्यक्ष. त्यानं विचारलं ते नुसतं विचारायचं म्हणून. निमजेच्या गळ्यात घालायचा झेंडूचा हार लच्चूच्या बायकोनं पदराखाली तयारच ठेवला होता.

“माझी,” मी म्हणाले.

बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. लच्चूला वाटलं, मी थट्टा करते आहे. “जैने, नीट सांग. हरकत आहे का तुजी?”

“आहे म्हनलं ना.”

मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि हसून म्हणाल्या, “एकच विरोध आहे ना? मग बहुमतानं मंजूर. पुढचा विषय घ्या.”

“इथं तसं नाई मॅडम,” लच्चू अवघडून म्हणाला. “इथं एक जन नाई म्हनला का थांबते.”

मी निमजेकडे बघत होते. तो शेजारच्या म्हाताऱ्याकडे वाकून विचारत होता, ही कोणाची पोरगी. माझं नावसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा तोंडावर मी त्याला साहेब म्हणत होते, सगळेच म्हणत. लिहिताना म्हणणार नाही.

जंगल तेव्हा नुकतंच कायद्यानं आमच्या हाती आलं होतं. बांबू गावानं राखायचा, गावानं तोडायचा, गावानं विकायचा. पहिल्या तोडीची तयारी चालली होती आणि वरून परिपत्रक आलं. शाश्वत वनविकास की असंच काहीतरी त्याचं नाव. गावानं दहा वर्षांचा आराखडा करायचा आणि त्याच्या देखरेखीसाठी एक तांत्रिक समन्वयक नेमायचा, तो वनखात्यातून निवृत्त झालेलाच असला पाहिजे. कोणत्या भागातला बांबू तोडायचा, गाडी कधी भरायची, सगळ्यावर त्याची सही. समन्वयक नाही तर आराखडा नाही, आणि आराखडा नाही तर तोड नाही. म्हणजे जंगल तुमचं, पण किल्ली आमच्या माणसाकडे. मॅडम मात्र तक्ता लावून इतकं गोड समजावत होत्या की माणसं माना डोलवत होती. “शाश्वत म्हणजे आज एवढंच घ्यायचं, की उद्यालाही उरेल,” असं त्या म्हणाल्या तेव्हा सनकूआत्या बसल्या जागेवरून बोलली, “हे आमाले कायले सांगता बाई? आमच्या कोंबड्या नेत होते तवा निमजे सायबाले सांगाचं होतं.”

सगळा गोटूल हसला. निमजेही पोट धरून हसला. त्या हसण्यानंच माझं डोकं फिरलं.

समन्वयक म्हणून नाव आलं होतं ते त्याचंच. तरुणपणी तो आमच्या जंगलाचा नाकेदार होता, म्हणजे वनरक्षक. मग बदल्या होत होत राउंड ऑफिसर होऊन परत आमच्याच भागात आला आणि निवृत्त झाला. ज्याच्या हातातली काठी कायद्यानं काढून घेतली, त्याच्या हातात ती आम्हीच परत द्यायची, वर हार घालून. मला तो माणूस आमच्या जंगलात पुन्हा नको होता. बाकी गावाला चालत होता. माणूस ओळखीचा, ऑफिसांची दारं त्याला माहीत, कामं अडणार नाहीत, असा हिशेब. सनकूआत्याच्या पोराला त्यानं जंगलराख्याचं काम कबूल केलं होतं. माझ्या बाबांनीही हरकत घेतली नव्हती. खांबाला टेकून बसले होते, जमिनीकडे बघत. त्यांचा मला निमजेपेक्षा जास्त राग आला.

आता आमची रीत सांगायला हवी. आमच्याकडे हात मोजत नाहीत. एकाची जरी हरकत असली तरी काम थांबतं. हरकत घेणाऱ्याला भर सभेत कारण विचारायचं नाही. ज्याचं काम अडलं त्यानं हरकत घेणाऱ्याच्या अंगणात जाऊन बसायचं आणि आपलं काय चुकलं ते आपणच ओळखायचं. ओळखून कबूल केलं, माफी मागितली, की हरकत तिथंच सोडावी लागते, मनात असो नसो. कुंपणाबाहेर साक्षीला माणसं बसतात, ती मधे बोलत नाहीत. ओळखता आलं नाही तर पुढच्या बैठकीत पुन्हा हरकत. तिसऱ्या बैठकीत मात्र हरकत घेणाऱ्यानं एक तर सर्वांसमोर कारण सांगायचं, नाहीतर मागे घ्यायची. ही रीत भांडणं मिटवायला कोणीतरी शहाण्या माणसानं बसवली असणार. मी ती भांडण करायला वापरली, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

निमजे दुसऱ्याच दिवशी सकाळी आला. मोटारसायकल थेट माझ्या कुंपणाला लावली. मी सुपात धान पाखडत होते. खाट उभी करून भिंतीला लावून ठेवली होती, मुद्दामच. चटई टाकली. खाली बसताना त्याचे गुडघे कुरकुरले आणि त्यानं भिंतीचा आधार घेतला. मी पाणी दिलं. पाणी द्यावंच लागतं.

“जैनीबाई ना?” नाव कोणाकडून तरी विचारून आला होता. “अंगणवाडी चालवता म्हणे. शिकलेल्या बाईनं असं करायचं म्हणजे... गावाचं नुकसान आहे हो यात.”

“साहेब, रीत माहीत आहे ना तुमाले?”

“सांगितली लच्चूनं.” तो हसला. “म्हणजे परीक्षाच आहे माझी. बरं. कोंबडे. कोंबड्यांचं असेल. तुमच्या घरचे नेले असतील मी, नाही म्हणत नाही. पण बाई, त्या वेळी सगळेच नाकेदार नेत होते.”

“सगळ्यायचं मी विचारत नाई.”

“माफ करा कोंबड्यांबद्दल.”

मी पाखडत राहिले. तो थोडा वेळ माझ्या हातांकडे बघत बसला. कुंपणाबाहेर सनकूआत्या आणि आणखी काही जण तंबाखू मळत बसले होते.

“कुऱ्हाडी,” तो म्हणाला. “पेरणीच्या तोंडावर गावभरच्या कुऱ्हाडी जमा केल्या होत्या आम्ही. तुमच्या बापाचीही असेल.”

“होती.”

“तेच?”

“नाई.”

मग तो एकेक काढत गेला. रोपवाटिकेत फुकट राबवलं ते. मोहाच्या दारूवरून घरं झडतीला घेतली ते. एकदा बाजाराच्या वाटेवर बायांच्या टोपल्या उलट्या करून चारोळी मातीत सांडली होती, ती. चारोळीच्या वेळी बाहेर कोणीतरी खाकरलं. मी प्रत्येक वेळी नाही म्हणत होते आणि खरं सांगते, मला मजा येत होती. हा माणूस आमच्या पायवाटेवर उभा राहिला की मोठी माणसं चपला हातात घ्यायची. तो आता माझ्या चटईवर बसून आठवत होता आणि मी सूप आपटत होते.

पण भीतीही होती. माझं जे होतं ते त्याच्या तोंडून निघालं असतं तर मला त्याच क्षणी हरकत सोडावी लागली असती.

दुपार होऊ लागली तसा तो उठला. “उद्या आठवेल,” म्हणाला.

उद्या काही आठवलं नाही. दुसऱ्या बैठकीत मी पुन्हा हरकत घेतली. या वेळी कोणी हसलं नाही. मॅडम आल्याच नव्हत्या, त्यांचा नुसता फोन आला होता लच्चूला. सभा उठल्यावर लच्चू माझ्यामागून चालत आला.

“जैने, बांबू उभा आहे. पोट्टे रोज विचारतात, तोड कधी? मी का सांगू त्यायले?”

“सांग, जैनी आडवी आली.”

“तुले का भेटते यातून?”

“भेटाले पायजेच का?”

तो आपल्या घराकडे वळला. सनकूआत्या मात्र गप्प बसणारी नव्हती. विहिरीवर सगळ्या बायांसमोर तिनं मला धारेवर धरलं. “माझ्या पोराच्या पोटावर पाय देतं तू? आमचं का खाल्लं तुनं? मैसू मेल्यावर एकटीनं वाढवलं त्याले. बाप असा निघाला, जंगलाले आग लावून जेलात गेला. पोराले कोनी काम देत नाई. आता कुठं एक सायेब देतो म्हनते, त तू!”

मैसू तिचा नवरा. एका उन्हाळ्यात आमच्या जंगलाला मोठी आग लागली. निम्मा बांबू जळाला. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून मैसूनं पाला पेटवला आणि आग पसरली, असं ठरलं. तो तुरुंगात जाऊन खोकला घेऊन परत आला आणि काही वर्षांनी मेला. त्यानं आग लावली यावर गावाचा विश्वास होता. सनकूआत्याचा तर सगळ्यांत जास्त.

मी घागर उचलून घरी आले. बाबा ओसरीवर पळसाच्या मुळांचा दोर वळत बसले होते. मी त्यांच्यासमोर घागर आपटली.

“तुमी तरी बोला ना काई!”

त्यांनी दोर वळणं थांबवलं नाही. “तुजी हरकत आहे,” म्हणाले. “तूच पाय का कराचं ते.”

दुसऱ्यांदा निमजे आला तो चालत आला. मोटारसायकल गावाबाहेर ठेवली होती की काय कोण जाणे. शर्टाला इस्त्री नव्हती आणि कलपाखालून पांढरे केस वर आले होते. न सांगता चटईवर बसला. मी आजही सूप घेऊन बसले होते. बाबा ओसरीवरच होते, पण त्यानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. कुंपणाबाहेर या वेळी बरीच माणसं होती. निमजे काय काय कबूल करतो हे गावभर झालं होतं आणि प्रत्येकाला ऐकायचं होतं.

“बाई,” तो म्हणाला, “तुम्हाला खरं सांगतो. बायको गेली माझी. मुलगा पुण्याला. त्याच्याकडे गेलो होतो, महिनाभर राहिलो. गॅलरीत बसवून ठेवतात. मला दुसरं काही येत नाही हो. जंगल येतं. इथली एकेक वाट पाठ आहे मला. मरेपर्यंत इथंच राहावं, एवढंच आहे माझ्या मनात.”

मला दया आली का? तेव्हा स्वतःलाच विचारलं होतं मी. नाही आली. उलट वाटलं, बरं झालं, ह्यालाही काहीतरी हवं आहे आणि ते माझ्या मुठीत आहे.

“रीत सोडून बोलता साहेब,” मी म्हटलं.

“हो. चुकलं.” त्यानं कपाळ पुसलं. “मी रात्रभर आठवत होतो. तुमच्या घराशी माझं वाकडं काय? तुमच्या बापाला, दसरूला, मी कधी मारलं नाही. केस केली नाही. उलट...” त्याचा चेहरा एकदम खुलला. “उलट वाचवलं मी त्याला! आगीच्या वेळी.”

“कोनत्या आगीच्या?”

“ती मोठी आग. निम्मा बांबू गेला ती. वरून रोज फोन, कोणी लावली, नाव द्या. नाव दिल्याशिवाय माझी सुटका नव्हती. खरं तर ती आमच्याच जाळरेषेची आग, बाई. आग पसरू नये म्हणून कडेनं पट्टा जाळतात ना, तो मी जाळत होतो. चार माणसं हवीत तिथं दोन होती. वारा सुटला. हातातून गेली. आता हे वर सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती. जंगलात त्या दिवशी दोघंच होते. तुमचा बाप आणि तो मैसू. मी दसरूचं नाव लिहिणार होतो. पण म्हटलं, याची बायको नुकतीच गेलेली, घरात लहान पोरगी. म्हणून मैसूचं दिलं.”

तो माझ्याकडे बघत होता. मी आभार मानीन अशी वाट बघत होता.

कुंपणाबाहेर कोणी हललं नाही. सनकूआत्या तंबाखूची चिमूट ओठाशी धरून तशीच बसली होती. मग तिनं ती चिमूट खाली टाकली, हात पदराला पुसले आणि उठून गेली. निमजेनं वळून पाहिलंसुद्धा नाही. कोण उठलं, कशासाठी उठलं, त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त माझी हरकत मिटवायची होती.

“तुमची आई वारली तेव्हा मी होतो ना गावात,” तो पुढं म्हणाला.

सूप हातात तसंच राहिलं. ओसरीवर बाबांचा दोर थांबला.

“आठवतं मला. उन्हाळा होता. तापानं गेली ना? सायकलवर होतो मी. वाटेतच भेटली होती मयत तुमची.”

आता येणार, मला वाटलं. आता पुढचं वाक्य तेच.

“मी स्वतः आलो होतो मयतीला,” निमजे म्हणाला. “कोण नाकेदार जातो हो कोणाच्या मयतीला? मी उतरलो सायकलवरून. एवढं तरी लक्षात ठेवा माझं.”

तो थांबला. संपलं होतं त्याचं.

उतरला होता, हे खरं आहे. मी त्या वेळी काकाच्या बोटाला धरून चालले होते. आईला नेण्यासाठी बाबांनी पहाटे दोन हिरवे बांबू तोडून तिरडी बांधली होती. निमजे सायकलवरून उतरला आणि म्हणाला, हिरवा बांबू कोणाला विचारून तोडला? पास कुठं आहे? बाबांनी हात जोडले. काका पाया पडला. त्यानं तिरडी खाली ठेवायला लावली. आईला धुळीत उतरवलं. दोर सोडवून त्यानं दोन्ही बांबू काढून घेतले, आपल्या सायकलला बांधले आणि केस करत नाही, एवढ्यावर सोडतो असं सांगून निघून गेला. बांबू लांब होते. त्यांची टोकं मागं धुळीत घासत जात होती. मग बाबांनी आईला पाठीवर घेतलं. तिचे पाय लोंबत होते. मसणवट्यापर्यंत बाबांनी तिला तशीच नेली आणि आम्ही सगळे खाली माना घालून मागून चाललो.

हे त्याला आठवत नव्हतं. मुद्दाम लपवत असता तर मला बरं वाटलं असतं. त्याच्या लेखी ते काही घडलंच नव्हतं. मयतीला आलो होतो, एवढंच त्याच्यापाशी उरलं होतं, तेही उपकार म्हणून.

“नाई साहेब,” मी म्हटलं. माझा आवाज सरळ निघाला याचं मला नवल वाटलं. “हे पन नाई.”

दुसऱ्या दिवशी सनकूआत्या आमच्या दारात आली. आत आली नाही. मी बाहेर गेले तर म्हणाली, “मैसूले मी मरेपर्यंत शिव्या देल्या जैने. भात वाढतानी शिव्या देल्या. तो म्हने, मी नाई लावली. मी म्हनो, लबाड आहेस.” एवढं बोलली आणि गेली. तिच्या पोराच्या कामाचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

तिसऱ्या बैठकीला मॅडम आल्या, सोबत ऑफिसातला एक माणूस घेऊन. निमजे खुर्चीवर बसला नाही. खाली सतरंजीवर बसला, आमच्यातला एक होऊन. त्याला वाटत होतं, आज सुटेल. मी कारण सांगितलं तर तिथंच माफी मागायची आणि नाही सांगितलं तर हरकत आपोआप गेली. दोन्हीकडून त्याचंच काम होत होतं. हे मलाही कळत होतं. रात्री मी खूप विचार केला होता. सांगावं तर तो रडेल, पाया पडेल, आणि रीतीप्रमाणे मला हो म्हणावं लागेल. आईचे लोंबते पाय भर सभेत उघडे करायचे आणि बदल्यात त्याची माफी घ्यायची. मला त्याची माफी नको होती. मला तो नको होता.

“जैने,” लच्चू म्हणाला, “तिसरी बैठक आहे. कारन सांग, नाईतर सोड.”

मी उभी राहिले. सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा बघून घेतलं. माझ्या अंगणाबाहेर बसलेली तोंडं त्यात होती. मी जुगार खेळले.

“सोडते,” म्हणाले. “माझी हरकत नाई.”

निमजेनं डोळे मिटून हात जोडले. मॅडमच्या सोबतचा माणूस पिशवीतून कागद काढू लागला. लच्चूनं रीतीप्रमाणे विचारलं, “आनखी कोनाची?”

“माझी,” सनकूआत्या म्हणाली.

लच्चूनं तिच्याकडे पाहिलं. तिनं पदर नीट केला आणि पुन्हा म्हणाली, “माझी आहे. लिव.”

“माझी पन,” बायांतूनच आवाज आला. चारोळी सांडलेल्यांपैकी एक. मग बाप्यांच्या बाजूनं एक, मग खांबापाशी बसलेला एक म्हातारा, ज्याचा निमजेनं माझ्या अंगणात उल्लेखसुद्धा केला नव्हता. मग कोण कोण ते मला सांगता येणार नाही, आवाज एकात एक मिसळत गेले. निमजे डोळे उघडून एकेकाकडे वळत होता. काही जणांचं काय होतं ते त्याला कळलं. बऱ्याच जणांचं कळलं नाही, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“अहो पण हे काय?” मॅडम उठल्या. “पहिल्या बैठकीत तर तुम्ही सगळे तयार होता! असं असेल तर या हंगामात तोड होणार नाही, मी आधीच सांगते.”

“राहू द्या उभा,” सनकूआत्या म्हणाली. “बांबू का पळून जाते?”

“लच्चू,” निमजे हळूच म्हणाला, “मी... आता सगळ्यांच्या अंगणात बसायचं का मी?”

लच्चूनं पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. मग मान वर केली. “रीत आहे साहेब,” म्हणाला. आणि जरा थांबून, “आनखी एक सांगतो. माझी पन हरकत आहे.”

निमजेनं नाव मागं घेतलं. ऑफिसच्या माणसानं तसं लिहून घेतलं आणि मॅडम जीपमध्ये जाऊन बसल्या. त्या वर्षी तोड झाली नाही. पोरं कामाला बाहेर गेली, घरोघर ओढाताण झाली. मला कोणी बोललं नाही, पण ती ओढाताण मी केली हे मला माहीत आहे आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन. पुढं अर्जावर अर्ज गेले, मोर्चे झाले आणि परिपत्रकातला तो समन्वयक कोणीतरी गुपचूप काढून टाकला.

सभा उठली तेव्हा निमजे गोटुलाबाहेर माझी वाट बघत उभा होता. मी आणि बाबा निघालो तसा पुढं आला. त्याचे डोळे लाल झाले होते.

“बाई, झालं ते झालं. मी आता येत नाही इकडं. पण तुमचं काय होतं ते तरी सांगा. झोप नाही लागणार मला.”

“माझं काई नाई साहेब,” मी म्हणाले. “मी त हरकत सोडली.”

“असं नका करू. काहीतरी होतं.”

“सोडली म्हनलं ना.”

त्यानं बाबांकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाहिलं. “दसरू, तू तरी सांग.”

बाबांनी त्याच्याकडे शांतपणे बघितलं, जसं वाटेतल्या कोणाकडेही बघावं तसं, आणि काठी टेकत पुढं निघाले. मी त्यांच्या मागं. निमजे तिथंच उभा राहिला असावा. मी वळून पाहिलं नाही.

घराचं वळण आलं. माझ्या मनात बाबांबद्दलची अढी अजून होतीच. ज्यानं आईला धुळीत ठेवलं त्याच्या नावाला त्यांनी पहिल्या दिवशी हरकत का घेतली नाही, हे मला त्यांना विचारायचं होतं. त्यांनीच आधी विचारलं.

“सांगतलं नाई ना त्याले?”

“नाई.”

“बरं केलं.” ते थांबले. श्वास घेतला. “म्हनून मी कदी हरकत घेतली नाई जैने. घेतली असती त तो अंगनात येऊन बसला असता. आज ना उद्या त्याले आठवलं असतं. मंग त्यानं माफी मांगतली असती.”

“मंग?”

“मंग मले द्या लागली असती.”